चिठ्ठी पोचली कशी?

मुलांनो, तुम्ही कधी निरोप्याचं काम केलंय का? नक्कीच केलं असेल. "जा रे, खालच्या मावशींना सांग, आईनं मोठं पातेलं मागितलंय," असं आजी म्हणते. तुम्ही जिना उतरता. वाटेत क्रिकेटचा डाव रंगलेला दिसतो, तिथं दोन षटकं थांबता. मग एकदम आठवतं आणि तुम्ही पळत जाऊन निरोप सांगता. कधी कधी तर स्वतः जातही नाही. खाली निघालेल्या दुसऱ्याच मुलाला म्हणता, "ए, जाता जाता मावशींना सांग ना!" निरोप जरा उशिरा पोचतो, पण पोचतो.

हसू नका! तुम्ही जे करता ना, त्याच गोष्टीवर जगभरातले शास्त्रज्ञ गेली पंचवीस वर्षं डोकं चालवत आहेत. रस्ता तुटलेला असताना निरोप पोचवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न. हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी सहावीत होते. आज मी काळाचौकीतल्याच एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. आधी ती गोष्ट सांगते, मग शास्त्राकडे वळू.

त्या रात्रीची गोष्ट

तारीख होती २६ जुलै २००५. वार मंगळवार. तुमच्या आईबाबांना ही तारीख सांगून बघा, ते लगेच त्यांची गोष्ट सुरू करतील! त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे किती? पाणी वाहून न जाता जागीच साचलं असतं, तर चौथीतल्या मुलाच्या छातीपर्यंत आलं असतं. गंमत अशी, की त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. शहर एकच, पण एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा श्रावण जवळ आल्यासारखा पाऊस.

आमचे बाबा तेव्हा कुर्ल्याला एका छोट्या कारखान्यात कामाला होते. आमच्या चाळीत पाऊस होता, पण एवढा काही नव्हता. त्यामुळे सात वाजले, आठ वाजले तरी बाबा का येत नाहीत, हे आईला कळेना. मग टीव्हीवर बातम्या लागल्या. मिठी नदी फुगली होती. लोकल बंद पडल्या होत्या. कुर्ल्याचं नाव ऐकलं आणि आईनं भाजी परतता परतता गॅस बंद केला.

शेजारच्या काकांकडे मोबाईल होता. त्यावरून लावून पाहिला, लागेना. कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा फोन लावला, तर नुसती टूं टूं. आई रात्रभर दाराशी बसून होती. शेजारच्या काकू तिच्याजवळ बसल्या होत्या. चाळीतली आणखी चार माणसं यायची होती. जिन्यावर पाऊल वाजलं, की चार घरांची दारं उघडायची.

पहाटे सहाच्या सुमाराला एक अनोळखी माणूस जिना चढून वर आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात दुधाची रिकामी पिशवी. त्यानं खोली नंबर विचारला आणि म्हणाला, "वहिनी, तुमची चिठ्ठी आहे."

पिशवीत वहीचा घडी केलेला कागद होता. बाहेरच्या बाजूला आमचा पूर्ण पत्ता, मोठ्या अक्षरात. त्याखाली लिहिलेलं, "जो कुणी त्या बाजूला जात असेल त्याने कृपया पुढे द्यावी." आत बाबांचं अक्षर. "सुखरूप आहे. कारखान्याच्या माळ्यावर आहोत. रस्त्यात अडकलेली शाळेची आठ मुले आमच्याजवळ आहेत, त्यांना सोडून निघता येत नाही. पाणी उतरले की येतो. काळजी करू नये."

ती चिठ्ठी कशी आली, ते त्या माणसानं थोडक्यात सांगितलं. बाबांनी ती रात्री नऊला एका कॉलेजच्या मुलाला दिली. तो कुर्ल्याहून शीवला आपल्या घरी चालत निघाला होता. शीवला त्याला एक नर्सबाई भेटल्या. त्या परळच्या रुग्णालयात रात्रपाळीला चालत निघाल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी परळपर्यंत आणली, आणि पाळी संपवून शिवडीला घरी जाणाऱ्या या माणसाकडे दिली. तो वाट वाकडी करून आमच्याकडे आला. आईनं चहा टाकते म्हटलं, पण तो थांबला नाही. त्याच्या घरीही कुणीतरी दाराशी बसलेलं असणार, नाही का?

फोन मुके का झाले?

आता डोकं चालवा बरं. चिठ्ठी पोचली, मग फोन का नाही पोचला? फोन तर चिठ्ठीपेक्षा कितीतरी हुशार!

पुष्कळांना वाटतं, की आपला मोबाईल थेट समोरच्या मोबाईलशी बोलतो. तसं नसतं. तुम्ही शेजारच्या खोलीत फोन केलात तरी तो आवाज भिंतीतून पलीकडे जात नाही. तो आधी जवळच्या टॉवरकडे जातो. तिथून तारेनं किंवा रेडिओलहरींनी कंपनीच्या केंद्राकडे, आणि केंद्राकडून फिरून पुन्हा टॉवरवर येऊन शेजारच्या खोलीत. हाताच्या अंतरासाठी केवढा वळसा!

या वळशात कुठंही एक कडी तुटली, की सगळं गप्प. टॉवरला वीज लागते. वीज गेली तर बॅटरी काही तास चालते. मग डिझेलचा जनरेटर लागतो, आणि तोच पाण्यात असेल तर? शिवाय संकटात सगळं शहर एकदम फोन लावतं. दादरच्या पुलावर गणपतीच्या आदल्या दिवशी जशी कोंडी होते, तशी लहरींचीही होते.

इंटरनेटचंही असंच. तुम्ही एखादा फोटो पाठवलात, की त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना म्हणतात पाकिटं. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. वाटेत राउटर नावाची यंत्रं असतात. ती चौकातल्या हवालदारासारखी पाकिटाला दिशा दाखवतात. पण हा हवालदार भारी घाईचा! पुढचा रस्ता बंद असेल, तर तो पाकीट सांभाळून ठेवत नाही, सरळ टाकून देतो. पाठवणारं यंत्र पुन्हा पाठवतं, पुन्हा पाठवतं आणि शेवटी नाद सोडतं.

म्हणजे नेहमीच्या जाळ्याची अट अशी, की इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत रस्ता एकाच वेळी जोडलेला हवा. आता बाबांची चिठ्ठी आठवा. ती कॉलेजच्या मुलाच्या खिशात होती, तेव्हा त्या नर्सबाई त्याला अजून भेटलेल्याच नव्हत्या. त्या परळला पोचल्या, तेव्हा तो मुलगा घरी झोपला असेल. कुर्ला ते काळाचौकी असा अखंड रस्ता त्या रात्री एका क्षणालाही नव्हता. तरी चिठ्ठी पोचली!

साठवा, न्या, पुढे द्या

तिनं काय युक्ती केली? तीन शब्दांत सांगता येईल. साठवा, न्या, पुढे द्या. ज्याच्या हाती निरोप आला त्यानं तो जपून ठेवायचा. चालताना बरोबर न्यायचा. योग्य माणूस भेटला की त्याच्या हाती द्यायचा. माणूस स्वतःच चालता बोलता रस्ता होतो.

आपल्या गिरणगावाला ही युक्ती नवी नाही. माझे आजोबा गिरणीत होते. गावी काही कळवायचं असलं, की कोकणात निघालेल्या गावकऱ्याला गाठायचं. त्याच्या पिशवीत चिठ्ठी, थोडे पैसे आणि पोरांना खाऊ. तो गावात उतरला की वाडीतल्या कुणाच्या तरी हाती द्यायचा, आणि दोन दिवसांनी ते सगळं आजीच्या हातात पडायचं.

मुंबईचे डबेवाले तर या युक्तीचे उस्ताद. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. एका डब्याला घरातून कचेरीपर्यंत जाताना बरेच हात लागतात. घरून उचलणारा एक, लोकलनं नेणारा दुसरा, उतरलेल्या स्टेशनवरून कचेरीत पोचवणारा तिसरा. डब्यावर नाव नसतं, रंगानं काढलेली खूण असते. कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, एवढं त्या खुणेत असतं. प्रत्येकाला आपल्यापुरतं वाचता आलं की झालं.

पण डबेवाल्यांच्या आणि बाबांच्या चिठ्ठीच्या गोष्टीत एक मोठा फरक आहे. सांगा बघू कोणता? बरोबर! डबेवाल्यांना माहीत असतं, की कोण, कुठे, किती वाजता भेटणार. त्यांच्या भेटी ठरलेल्या. त्या रात्री बाबांना मात्र काहीच माहीत नव्हतं. कोण भेटेल, तो कुठं जाईल, सगळं नशिबावर. ठरलेल्या भेटींचं गणित सोपं असतं. न ठरलेल्या भेटींचं अवघड, आणि म्हणूनच गमतीचं.

चाळीस मुलं, एक शिट्टी

हे गणित आम्ही वर्गात खेळून पाहिलं. चौथीची चाळीस मुलं मैदानात सोडली. मी शिट्टी वाजवली, की प्रत्येकानं कुणातरी एकाशी जोडी करायची. पुढच्या शिट्टीला नवी जोडी. बोलायचं फक्त जोडीदाराशी. मग मी एका मुलीच्या कानात निरोप सांगितला. तो एका ठरावीक मुलापर्यंत पोचवायचा. तो मुलगा कधी तिच्यासमोर येईल हे कुणालाच ठाऊक नाही. झाली की नाही त्या रात्रीसारखी परिस्थिती?

पहिली रीत: चिठ्ठी एकच, आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. त्या मुलाची आणि आपली जोडी पडेपर्यंत थांबायचं. बाकीची मुलं एकोणचाळीस. म्हणजे एका शिट्टीला तो भेटण्याची शक्यता एकोणचाळिसात एक. नशीब चांगलं असेल तर पहिल्याच शिट्टीला भेटेल, नाहीतर चाळीस शिट्ट्या झाल्या तरी नाही! आम्ही खेळलो तेव्हा शिट्टी वाजवून माझाच घसा बसला आणि डाव मोडला. पण या रीतीत कागद मात्र एकच लागतो.

दुसरी रीत: भेटेल त्याला चिठ्ठीची नक्कल करून द्यायची. त्यानंही तेच करायचं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. आठाचे सोळा, सोळाचे बत्तीस. सर्दीची साथ वर्गात पसरते ना, अगदी तशी! म्हणूनच या रीतीला साथीची रीत म्हणतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे अमिन वाहदत आणि डेव्हिड बेकर यांनी २००० साली ती मांडली. निरोप फार लवकर पोचतो. सगळ्यात नशीबवान डावात सहा शिट्ट्यांत चाळीसही मुलांकडे चिठ्ठी येते.

मग याहून चांगलं काय, असं वाटलं ना? वर्गालाही तसंच वाटलं. म्हणून मी नियम वाढवला. आता प्रत्येकानं आपापला निरोप पाठवायचा, आणि खिशात चिठ्ठ्या मावतील फक्त पाच. झालं! कागद संपले, खिसे भरले. "माझी ठेव, त्याची टाक," अशी भांडणं लागली. एक मुलगा वैतागून म्हणाला, "बाई, सगळ्यांचं सगळं मीच का सांभाळायचं?" शाब्बास! नेमकी हीच या रीतीची अडचण. फोनचा खिसा म्हणजे त्याची साठवण, आणि नक्कल करायला खर्च होते ती बॅटरी. दोन्ही मोजक्याच असतात.

तिसरी रीत: चिठ्ठ्या मोजूनच काढायच्या. समजा, आठ. पहिला भेटला की अर्ध्या त्याला द्यायच्या, चार त्याच्याकडे आणि चार आपल्याकडे. पुढच्या भेटीत दोघांनीही आपल्या चारांतल्या दोन दोन द्यायच्या. मग दोनातली एक. तीन शिट्ट्यांत आठ मुलांच्या खिशात एकेक चिठ्ठी. आता वाटणं बंद. ज्याला तो मुलगा भेटेल त्यानं द्यायची, बाकीच्यांनी वाट बघायची. आता त्या मुलाची जोडी चिठ्ठीवाल्याशी पडण्याची शक्यता एकोणचाळिसात आठ, म्हणजे साधारण पाच शिट्ट्यांत एकदा. तीन आणि पाच मिळून सुमारे आठ शिट्ट्यांत काम, आणि कागद फक्त आठ! साथीच्या रीतीहून जरा उशीर, पण खर्च एक पंचमांश. थोडं शिंपडा आणि वाट पाहा, असं या रीतीचं नाव. ती २००५ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी मांडली. त्यांतले एक होते कौलिगी राघवेंद्र.

साल वाचलंत ना? २००५! ज्या वर्षी ही रीत शास्त्रज्ञांनी कागदावर मांडली, त्याच वर्षी बाबांनी ती कुर्ल्याच्या माळ्यावरून वापरली होती. कारण त्यांनी चिठ्ठी एक लिहिली नव्हती, तीन लिहिल्या होत्या. तीन वेगवेगळ्या माणसांजवळ दिल्या होत्या. बाकीच्या दोघींचं काय झालं, ते शेवटी सांगते.

चौथी रीत: जरा चौकशी करून द्यायची. चाळीत निरोप द्यायचा तर तुम्ही कुणाला गाठाल? दिवसभर घरात असणाऱ्याला, की पेपर टाकणाऱ्या दादाला? दादाला, कारण तो रोज सगळ्या दारांशी जातो. यंत्रालाही हे शिकवता येतं. स्वीडनमधल्या लुलेओ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली अशी रीत मांडली. प्रत्येक यंत्र आपल्या ओळखीच्या यंत्रांना गुण देतं. कधीच न भेटलेल्याला शून्य. एकदा भेटला की ०.७५. पुन्हा भेटला, तर एकाला जेवढे कमी पडतात त्यांतला तीन चतुर्थांश भाग वाढवायचा. कमी पडतात ०.२५, त्याचे तीन चतुर्थांश ०.१८७५. बेरीज झाली ०.९३७५. बरेच दिवस भेट नाही झाली, की गुण हळूहळू उतरतात. अगदी मैत्रीसारखंच की! मग निरोप नेहमी जास्त गुणवाल्याकडे सोपवायचा.

या स्वीडिश रीतीमागे एक छान विचार होता. तिथं उत्तरेकडे सामी नावाचे लोक राहतात. ते रेनडिअरचे कळप घेऊन फिरतात. एवढ्या लांबवर टॉवर कोण उभारणार? मग येणाजाणाऱ्यांबरोबरच त्यांचे निरोप नेता येतील का, असा तो प्रयत्न होता.

बस, झेब्रे आणि मंगळ

आपल्या देशातही असं जाळं चालून दाखवलं गेलं. त्याचं नाव होतं डाकनेट. आपल्या 'डाक' शब्दावरूनच ठेवलेलं! कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात अमेरिकेच्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी ते करून पाहिलं. बसमध्ये एक बिनतारी यंत्र बसवलं. बस गावात आली, की गावातल्या संगणकाकडून जमिनीच्या कागदपत्रांचे अर्ज त्या यंत्रात उतरायचे. बस तालुक्याला पोचली, की ते तिथल्या संगणकात जायचे. उत्तर परतीच्या बसनं! ड्रायव्हरला कळायचंही नाही, की आपण टपाल नेतोय. कंबोडियात रतनकिरी नावाच्या डोंगराळ प्रांतात हेच काम मोटारसायकलींनी केलं, तिथल्या खेड्यांतल्या शाळांसाठी.

केनियात तर निरोपे होते चक्क झेब्रे. २००४ च्या सुरुवातीला प्रिन्स्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी काही झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधले. झेब्रा कुठं कुठं फिरला, हे पट्टा टिपून ठेवायचा. दोन झेब्रे जवळ आले, की पट्टे एकमेकांना आपापली नोंद देऊन टाकायचे. त्यामुळे शास्त्रज्ञांना प्रत्येक झेब्र्यामागे धावायला नको. एक सापडला की बाकीच्यांचीही खबर!

आणि आपल्या शिवडीच्या खाडीत येणारे गुलाबी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो? २०२२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ठाण्याच्या खाडीत काही फ्लेमिंगोंना मोबाईलच्या जाळ्यातून ठिकाण कळवणारी यंत्रं लावली. अशी यंत्रं जाळं नसलेल्या रणात आपली नोंद साठवून ठेवतात आणि जाळ्यात आल्यावर पाठवतात. साठवा, न्या, पुढे द्या!

सगळ्यात लांबचा निरोप मात्र अवकाशातला. मंगळावरून निघालेली रेडिओलहर पृथ्वीवर यायला, दोन्ही ग्रह कुठं आहेत त्यानुसार, तीन ते बावीस मिनिटं लागतात. शिवाय ग्रह फिरतो, यान ग्रहाआड जातं, रस्ता तुटतो. इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ यांनी १९९८ साली नासाच्या लोकांबरोबर यावर काम सुरू केलं. त्यांनी ठरवलं, की निरोपाचं एक गाठोडं बांधायचं. ज्या यंत्राकडे ते आलं, त्यानं पुढचा रस्ता उघडेपर्यंत ते सांभाळायचं. नोव्हेंबर २००८ मध्ये पृथ्वीपासून तीन कोटी किलोमीटरहून दूर असलेल्या एका यानाबरोबर हा प्रयोग यशस्वी झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नासानं समुद्राचा अभ्यास करणारा 'पेस' नावाचा उपग्रह सोडला. तो रोजचं काम याच रीतीनं करतो. चाळीच्या जिन्यावरची युक्ती अंतराळात गेली बघा!

अडचणी काही कमी नाहीत

खेळ संपल्यावर वर्गातल्या मुलांनी मला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यांतले तीन फार चांगले होते.

"निरोप पोचला, तरी बाकीच्यांच्या खिशात चिठ्ठ्या राहतातच. त्या कधी फाडायच्या?" यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे चिठ्ठीवर मुदत लिहायची. मुदत संपली की फाडायची. दुसरा उपाय आणखी गमतीचा. निरोप मिळालेल्यानं 'पोचला' अशी उलट चिठ्ठी सोडायची. ती ज्याला मिळेल त्यानं जुनी चिठ्ठी फाडायची आणि पुन्हा घ्यायची नाही. निरोपाची साथ, तर ही तिच्यावरची लस!

"मधल्यानं चिठ्ठी उघडून वाचली तर?" वाचता येऊ नये म्हणून निरोप गुप्त लिपीत कोंडून पाठवतात. किल्ली फक्त घेणाऱ्याकडे. पत्ता सगळ्यांना वाचता आला पाहिजे, आतला मजकूर नाही.

तिसरा प्रश्न मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारला. ती एरवी फारशी बोलत नाही. "बाई, मधल्यानं चिठ्ठी पुढे दिलीच नाही तर?"

यावर शास्त्रज्ञांनी काय काय शोधलंय. जास्त नकला पाठवाव्यात, जो दुसऱ्यांचे निरोप नेतो त्याचे निरोप आधी न्यावेत, आणि असंच बरंच काही. पण खरं सांगू? ह्या सगळ्या जाळ्याचा पाया एकच आहे. ज्याचा निरोप आपला नाही, त्याचाही भार थोडा वेळ उचलायचा. यंत्राला ते नियमानं शिकवावं लागतं. माणसाला?

करून पाहा

तुमच्या वर्गात किंवा चाळीच्या अंगणात हा खेळ खेळा. वीस मुलं असली तरी चालेल. एकानं शिट्टी वाजवायची आणि शिट्ट्या मोजायच्या. एक रीत निदान पाच वेळा खेळा, कारण एका डावात नशीब फार चालतं. प्रत्येक डावाच्या दोन गोष्टी वहीत लिहा. निरोप किती शिट्ट्यांत पोचला, आणि चिठ्ठ्या किती लागल्या. मग सरासरी काढा. आठ चिठ्ठ्यांऐवजी चार घेतल्या तर? सोळा घेतल्या तर? आणि दोन मुलं 'कुणालाच काही देणार नाही' असं गुपचूप ठरवून खेळली तर? उत्तर आम्हाला जरूर कळवा.

आईबाबांसाठी दोन शब्द

आपल्या मुलांना घरचा पूर्ण पत्ता आणि निदान दोन फोन नंबर तोंडपाठ आहेत का, हे आजच विचारून पाहा. हल्ली नंबर फोनलाच पाठ असतात, आपल्याला नाही. फोनची बॅटरी संपली, की आपल्याच घरचा पत्ता सापडत नाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात पत्त्याचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा. घरात एक गोष्टही ठरवून ठेवा. फोन लागेनासे झाले, तर सगळ्यांनी कुठं जमायचं आणि कुणाकडे निरोप ठेवायचा. मघाशी म्हटलं ना, ठरलेल्या भेटींचं गणित सोपं असतं.

आणि हो, राहिलेल्या दोन चिठ्ठ्या! बाबा २७ तारखेला संध्याकाळी घरी आले, ती आठही मुलं आपापल्या घरच्यांच्या ताब्यात दिल्यावरच. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. एक काका चिठ्ठी घेऊन उभे होते. "या घरचे गृहस्थ सुखरूप आहेत, असा निरोप आहे," ते म्हणाले. दार बाबांनीच उघडलं होतं! सगळी चाळ हसली. त्या काकांना मात्र आईनं चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

तिसरी चिठ्ठी कधीच आली नाही. पावसात भिजली असेल, किंवा कुणाच्या खिशात विसरली गेली असेल. तिघांपैकी एकच वेळेवर पोचली, आणि ती आणणाऱ्याचं नाव विचारायचं आमच्या घरात कुणालाही सुचलं नाही. आई अजूनही म्हणते, "मेलं नाव तरी विचारायला हवं होतं." ती दुधाची पिशवी आणि तो कागद तिनं अजून कपाटात ठेवलाय. मी तो वर्गात नेऊन दाखवला, तेव्हा ती मागच्या बाकावरची मुलगी बराच वेळ बाहेरचा पत्ता वाचत होती. मग म्हणाली, "बाई, शिवडीला सरळ घरी जायचं सोडून ते काका आधी इकडे आले. म्हणजे त्यांच्या घरी निरोप उशिरा पोचला ना?"

हो गं. हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.